सहा महिने कुणी ठोकले नाही

मी एक जुनी वाइन आहे. पांढरी होते, आता तितकीशी उरले नाही. मोठ्यांच्या पेल्यातली वस्तू लहानांशी काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, मला सांगायचे आहे ते पिण्याबद्दल नाही, लक्ष ठेवण्याबद्दल आहे.

माझी द्राक्षे बर्फाच्या डोंगराखाली, उभ्या उतारावर पिकली. आमचा मळा म्हणजे आभाळाला टेकवलेली शिडीच. हिवाळ्यात माती घसरून खाली येते आणि वसंतात घरची माणसे तीच माती टोपल्यांतून पाठीवर पुन्हा वर नेतात. सिप्रियाँ आजोबांची सून ओदिल वेली बांधायला जाई, तेव्हा आपल्या दोन वर्षांच्या लेकीच्या, लुसच्या कमरेला दोरी बांधून ती खुंटाला अडकवी. तरी दर चार वेलींमागे वळून बघे.

"अगं, दोरी आहे ना!" आजोबा हसत.

"आहे, पण गाठ मीच मारलीय ना, बाबा."

दुपारचे कडक ऊन आणि रात्रीचा गारठा, दोन्ही माझ्यात उतरले. हिरव्या सफरचंदाचा पहिला चावा जसा लागतो, तशी मी लागे.

तळघरातल्या लाकडी पिंपात माझे घर होते. आमच्याकडे असे पिंप कधी पुरते रिकामे करत नाहीत. वर्षभर थोडी थोडी काढायची आणि वसंतात जुनीवरच नवी ओतायची. म्हणून माझे वय मलाही सांगता येत नाही. आजोबांच्या आजोबांच्या मळ्याचा एखादा थेंबही माझ्यात असेल.

पण लाकूडही गुपचूप थोडे पिते. मग बुचाखाली पोकळी होते, तिथे हवा शिरते, आणि हवा माझी वैरीण. म्हणून दर शनिवारी आजोबा येऊन बोटाच्या पेराने पिंपावर ठोकत. भरले असेल तिथे ठप्प वाजे, रिकामे असेल तिथे टण्ण. "लबाडा, किती प्यायलास रे?" असे पिंपाला विचारत ते घागरीतून तेवढी भर घालत. पाहुणा आला की सगळे उभ्यानेच, एकाच लाकडी पेल्यातून, आळीपाळीने मला पीत. पहिल्या घोटाला डोळे मिटत, दुसऱ्याला उघडत. ते माझे सुखाचे दिवस.

शेजारचे फ्लाविएँकाका मात्र न बोलावताच पेला शोधत. एकदा आजोबा चिडून ओरडले, "मी नसताना या पिंपाला कुणी हात लावायचा नाही!" ते साऱ्या घराने ऐकले. ओदिलने जरा जास्तच ऐकले.

त्या शरदात, द्राक्षे खुडून झाली आणि आजोबांचा खोकला वाढला. डॉक्टर आले. वरच्या खोलीत त्यांनी आजोबांच्या पाठीवर बोटांनी ठोकले. फळ्यांतून मला ऐकू आले: ठप्प, ठप्प. पिंपासाठी चांगला तो आवाज, छातीसाठी वाईट. आजोबांना खाली खोऱ्यातल्या इस्पितळात नेले. ओदिलने तळघराला कुलूप घातले आणि किल्ली कमरेला खोचली.

पहिला शनिवार गेला. दुसरा गेला. लुसला ताप आला की ओदिल तासातासाला तिच्या कपाळाला हात लावी. वर तिची पावले मला कळत. माझ्या कपाळाला कोण हात लावणार?

एकदा दाराशी फ्लाविएँकाका आले. "ओदिल, किल्ली दे गं. नुसतं ठोकून बघतो."

"नको काका. बाबांनी कुणीही हात लावू नका म्हणून सांगितलंय."

"कान लावतो गं, तोंड नाही लावत!"

"तुमचे कान आणि तोंड फार जवळजवळ आहेत, काका."

दोघेही हसले आणि गेले. मला ओरडावेसे वाटले, द्या हो त्यांना किल्ली! पण बुचाखाली ओरडणार कशी? रोज संध्याकाळी ओदिल खाली येई, कुलूप ओढून बघे, निश्वास टाकून परत जाई. आपण माझी राखण करतो आहोत, असे तिला वाटे. मनापासून करतही होती. आणि दाराच्या अलीकडे मी रोज थोडी थोडी आंबत होते.

ईस्टरला आजोबा परतले, काठी टेकत. त्यांनी पिंपावर ठोकले. टण्ण. आणखी खाली ठोकले. टण्ण. पेला भरला, एक घोट घेतला.

"छान आहे," ते म्हणाले.

ओदिलने त्यांच्या हातून पेला घेतला, चाखला आणि तिचे डोळे भरले. "बाबा, हिचा तर आंबून शिरका झालाय. मी कुलूप रोज बघत होते हो!"

"चूक माझी, पोरी. हात लावू नका म्हणालो. कान लावा म्हणायचं राहिलं."

मला ओतून दिले. आंबलेले लाकूड सुधारत नाही, म्हणून पिंपही मोडले. नव्या पिंपात पहिली घागर फ्लाविएँकाकांनी स्वतःच्या पिंपातून आणून ओतली, आणि त्या दिवशी त्यांनी पेला मागितला नाही.

माझी एक बरणी तेवढी उरली. स्वयंपाकघरातल्या फळीवर मी बसते. कोशिंबिरीवर चार थेंब लागतात, तेव्हा घरच्यांना माझी आठवण येते. शनिवारी ओदिल लुसला कडेवर घेऊन तळघरात उतरते. एकदा ठोकते, ऐकते, खात्री वाटत नाही म्हणून पुन्हा ठोकते. खालून ठप्प येते. मी वर ऐकत असते. त्या पिंपात मी नाही.

मित्रांनो, ज्याला जपायचे त्याला कुलूप जरूर लावा. पण अधूनमधून दार उघडून ठोकूनही बघा. आतल्याला हाक मारता येत नाही.