रेशमी कॉलरवरचा डाग

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. तुमच्या शाळेच्या नाटकाच्या पेटीत, मुकुट आणि कापसाच्या दाढीच्या खाली घडी करून ठेवलेला. मागच्या वर्षी मला प्रधानाने घातले होते, त्याच्या आधीच्या वर्षी एका चोराने. दोघांनीही पाठ केलेली वाक्ये मध्येच विसरून माझी बटणे पिरगाळली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काल तुमच्या बाई माझी कॉलर उजेडात धरून म्हणाल्या, "अगं बाई, केवढा हा डाग! उद्या लिंबू आणि मीठ आणा रे कुणीतरी." म्हणून आज मला बोलणे भाग आहे. उद्या लिंबू येण्याआधी माझे ऐकून घ्या.

माझा जन्म एका शिंप्याच्या कारखान्यात झाला. एकाच ठाणातून आम्ही सात भाऊ निघालो. कुणा एकाचे माप घेऊन आम्हाला शिवलेले नव्हते. शिंपी कात्री चालवता चालवता म्हणाला होता, "हे उसने द्यायचे कोट. कुणालाही बसले पाहिजेत, म्हणजे कुणालाच नीट बसणार नाहीत." मी सगळ्यांत रुंद. कॉलरला रेशमी पट्टी, आत राखाडी अस्तर, तीन खिसे.

आम्हाला एका मोठ्या जहाजावर पाठवले. ते मालाचे जहाज नव्हते, सुट्टी घालवायला निघालेल्या माणसांचे होते. सात मजले, दोन पोहण्याचे तलाव आणि मध्यावर एक भोजनाची मोठी खोली. त्या खोलीत काचेची झुंबरे, पांढऱ्या चादरी घातलेली टेबले आणि दाराशी पितळी चौकटीत एक पाटी: 'संध्याकाळी सभ्य पोशाखात यावे. कोट आवश्यक. अर्धी चड्डी आणि स्लिपर चालणार नाहीत.' जे पाहुणे कोट आणायला विसरत, त्यांच्यासाठी आम्ही सातजण दाराआडच्या खुंट्यांवर लटकत असू.

कुणाला नावे ठेवणे वाईट, हे मला कळते. दिवसातून एकदा तरी मी स्वतःला ते बजावतो. पण मित्रांनो, मी ज्यांच्या ज्यांच्या अंगावर चढलो त्यांचे गुणगान करायचे म्हटले, तर मला खोटे बोलावे लागेल, आणि खोटे बोलणे त्याहून वाईट.

काही पाहुणे पाटी वाचून फुरफुरत. "आम्ही सुट्टीवर आलोय, शाळेत नाही!" असे म्हणत आणि शाळेतल्या द्वाड पोरासारखेच एक बाही घालून दुसरी लोंबती ठेवत. काहीजण याच्या उलट. ते घरूनच झुलीसारखे कपडे आणत, जेवणाआधी अर्धा तास जिन्यावर उभे राहून फोटो काढून घेत आणि जेवताना वाढणाऱ्याकडे मान वर करून बघतही नसत. एकांना सुटेपणाचा माज, दुसऱ्यांना इस्त्रीचा. इस्त्री मात्र दोघांपैकी कुणालाच करता येत नसे.

आणि तो नियम! दारावर एक साहेब उभे असत. त्यांची नजर आधी माणसाच्या गळ्याकडे जाई, मग तोंडाकडे, म्हणून सगळे नोकर त्यांना पाठीमागे 'कॉलरसाहेब' म्हणत. नियमात कॉलरसाहेब फार कडक, पण कमरेपर्यंतच. वर कोट चढवला की खालच्या अर्ध्या चड्डीकडे ते बघत नसत. "पटकन बसा, साहेब, पटकन," असे म्हणून ते पाहुण्याला टेबलाच्या चादरीआड ढकलत. अशा कित्येक उघड्या पोटऱ्या मी वरून पाहिल्या आहेत. वर लग्नाचा थाट, खाली आंघोळीची तयारी. याला म्हणे सभ्यता.

माझे खरे घर खाली होते, सर्वांत तळाच्या मजल्यावर, धुलाईखान्यात. तिथे इस्त्रीकाका होते. एकतीस वर्षे त्यांनी त्या जहाजावर इस्त्री केली. रुंद खांदे, हातावर जुन्या चटक्यांच्या पांढऱ्या रेघा आणि बोलणे अगदी बेताचे. रोज संध्याकाळी इस्त्री तापायला लावण्याआधी ते क्षणभर हात जोडत आणि मग प्रत्येक कपड्याचे खिसे तपासत. सापडलेली पिनसुद्धा ज्याची त्याला परत जाई. त्यांचा आणखी एक नेम होता. दुसऱ्याचा कपडा हातात घ्यायचा, अंगावर नाही. हजारो कोट त्यांच्या हाताखालून गेले, पण गंमत म्हणूनही त्यांनी कधी कुणाच्या बाहीत हात घातला नाही.

त्यांच्या नशिबी गरम जेवण मात्र नव्हते. वर पाहुण्यांचे जेवण सुरू झाले की खाली डागांची वेळ सुरू होई. कुणी सरबत सांडले, कुणी बोटे पुसली. डाग ताजा असतानाच काढावा लागतो, एकदा मुरला की मुरला. त्यामुळे काका दोन घास खात, उठत, डाग काढत, परत येत. तोवर ताटावर साय धरलेली असे.

काकू म्हणजे काकांची बायको. त्या बंदराच्या गावी राहत. जहाज धक्क्याला लागले की धुलाईखान्यात येऊन बसत, आणि त्यांचे ठरलेले वाक्य असे, "अहो, एकदा तरी तुम्हाला बसून गरम जेवताना बघायचंय मला. डोळे मिटायच्या आत दाखवा म्हणजे झालं."

"दाखवतो की," काका म्हणत. "डाग संपू देत."

"लोकांचे डाग संपतात होय कधी?"

त्या जहाजाची एक रीत होती. निवृत्त होणाऱ्या नोकराला शेवटच्या सफरीत एक संध्याकाळ जोडीने पाहुणा म्हणून जेवायला बोलवत, वर, झुंबरांच्या खोलीत. कप्तानाच्या सहीचा कागद मिळे. काकांना तो मिळाला तेव्हा काकूंनी स्वतः निळा पोशाख शिवला आणि त्या सफरीला आल्या. काकांकडे पांढराशुभ्र शर्ट होता, कडक कॉलरचा. कोट नव्हता.

कॉलरसाहेब मला हातावर घेऊन खाली आले. "काका, हा घाला. तुमच्या खांद्याचा हा एकच आहे."

काका मागे सरले. "नको साहेब. लोकांचा कपडा मी घालत नाही."

"अहो, हा लोकांचा कुठे? हा कुणाचाच नाही. जहाजाचा आहे, आणि जहाज एकतीस वर्षं तुमचंच आहे ना?"

काकू म्हणाल्या, "घाला हो. जेवायला तर जायचंय."

काकांनी आधी माझे खिसे तपासले. डाव्या खिशात दातकोरण्यांची पुडी सापडली. ती त्यांनी आपल्या शर्टाच्या खिशात जपून ठेवली, कुणाची तरी असेल म्हणून, आणि मग माझ्या बाहीत हात घातला. मित्रांनो, मला कुणाचेच माप नाही, हे मी सांगितले आहे. त्या संध्याकाळी मला कळले की ते खरे नव्हते.

वर गेल्यावर काकू किती वेळ झुंबरांकडेच बघत राहिल्या. "यांच्यावरची धूळ कोण पुसत असेल हो?" त्यांनी हळूच विचारले. काका हसले. इतक्या वर्षांत त्यांना मी इतक्या मोठ्याने हसताना ऐकले नव्हते. वाढणाऱ्या ताईने दोन ताटल्यांत मलईचे सूप आणून ठेवले. वाफ वर येत होती. काकूंनी आपला चमचा उचललाच नाही, हनुवटीला हात लावून त्या काकांच्या चमच्याकडे बघत बसल्या.

काकांनी पहिला घोट घेतला आणि दारात आरडाओरडा झाला.

"माझा कोट कुठाय? रोज मी तोच घालतो!"

हे गृहस्थ उन्हात पडून पडून भाजलेले होते, म्हणून वाढणाऱ्या पोरी त्यांना 'लालगुडघे' म्हणत. अंगात पोपटांच्या चित्रांचा बिनकॉलरचा सदरा, खाली अर्धी चड्डी, पायात रबरी स्लिपर. सगळ्या सफरीत त्यांनी एकदाही स्वतःचा कोट आणला नाही आणि माझ्यावर हक्क मात्र बापजाद्यांच्या इस्टेटीसारखा सांगितला. कॉलरसाहेबांनी त्यांना दुसरा कोट दाखवला. त्याचे बटण लागेना. लालगुडघ्यांनी मान लांब करून खोलीभर बघितले आणि बोट रोखले.

"तो बघा माझा कोट! त्याच्या अंगावर! त्यात माझ्या दातकोरण्या आहेत!"

कॉलरसाहेब आमच्या टेबलाशी आले. कपाळावर घाम होता. खाली वाकून म्हणाले, "काका, जरा समजून घ्या. पाहुणा आहे तो."

"आणि आज आम्ही कोण आहोत?" काकूंनी विचारले.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसले.

"बरं, कोट त्यांना द्या," काकू म्हणाल्या. "हे शर्टावर बसतील. शर्टाला काय झालंय?"

"कोटाशिवाय बसता येत नाही, काकू. नियम आहे."

काकूंनी शेजारच्या टेबलाखाली बघितले. एकाचे उघडे पाय होते, एकाने स्लिपर काढून पाय खुर्चीवर घेतला होता. काकूंचा आवाज मुळीच चढला नाही. "साहेब, तुमचा नियम टेबलाच्या वरच राहतो का? खाली उतरत नाही कधी?"

खोलीत पन्नासेक माणसे होती. एकाने मान वर केली, मला वाटले काहीतरी बोलेल. त्याने मीठ मागितले.

काका उभे राहिले. त्यांनी मला उतरवले, कॉलरवरून सवयीने हात फिरवला, आणि लालगुडघ्यांना स्वतःच्या हातांनी घातले. मग शर्टाच्या खिशातून पुडी काढून दिली. "या तुमच्या." काकूंकडे वळून एवढेच म्हणाले, "म्हटलं होतं ना तुला, दुसऱ्याचं ते दुसऱ्याचंच. चल." दोघे नोकरांच्या जिन्याने खाली गेले. वाढणाऱ्या ताईने तीन क्षण वाट पाहिली, त्यांच्या दोन्ही ताटल्या उचलल्या आणि कुणाला न विचारता त्यांच्या मागे गेली.

आता माझ्या नव्या मालकाचे ऐका. बसल्या बसल्या त्याने चमचा भरला, शेजाऱ्याला काहीतरी विनोद सांगितला, स्वतःच हसला आणि मलईचे सूप माझ्या रेशमी कॉलरवर सांडले. "शी! घाण झाला हा." त्याने मला उतरवून कॉलरसाहेबांच्या हातात कोंबले. आणि मग? मग तो पोपटांच्या सदऱ्यातच शेवटच्या गोड पदार्थापर्यंत जेवला! बिनकोटाचा. कॉलरसाहेब त्या वेळी झुंबरे मोजत होते. देव त्यांना सुबुद्धी देवो, मी आणखी काय म्हणू? ज्या नियमाने एका माणसाला ताटावरून उठवले, त्याला पाव तासही दम धरवला नाही.

कॉलरसाहेब स्वतः मला घेऊन खाली आले. धुलाईखान्यात इस्त्रीच्या लांब टेबलावर पांढरी चादर अंथरली होती. कडक, एक सुरकुती नाही. वर अशी चादर एकाही टेबलावर नव्हती. ताईने सूप पुन्हा गरम करून आणले होते आणि बाकीचे जेवणही. काका आणि काकू समोरासमोर बसले होते, आणि काकांच्या ताटातून वाफ येत होती.

"काका," साहेब घुटमळले, "ताजा डाग आहे. रेशमावर. दोनच मिनिटं. उद्या निघणार नाही."

मित्रांनो, काका अर्धे उठले. एकतीस वर्षांची सवय होती ती. त्यांचा हात ओल्या स्पंजाकडे गेला. काकूंनी फक्त काकांच्या ताटाकडे बघितले.

काकांनी स्पंजावरचा हात मागे घेतला आणि पुन्हा बसले.

"साहेब, तिथे खुंटी आहे. लावून ठेवा," ते म्हणाले. "माझं जेवण व्हायचंय."

कॉलरसाहेबांनी स्वतःच्या हाताने मला खुंटीला लावले. कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच, कारण कॉलरमागचा लूप शोधायला त्यांना वेळ लागला. जाताना त्यांनी दार अगदी हळू ओढून घेतले.

मी तिथे लटकत होतो. माझ्या कॉलरवर मलई मुरत होती आणि समोर काका जेवत होते. सावकाश, घास चावून, एकदाही न उठता. शेवटी त्यांनी ताट पुसून घेतले आणि पाणी प्याले. काकू म्हणाल्या, "झालं बाई."

दुसऱ्या दिवशी उतरण्याआधी काकांनी शेवटची इस्त्री मला केली. पाठ, बाह्या, खिसे. कॉलरपाशी आल्यावर इस्त्री थांबली आणि डागाला वळसा घालून पुढे गेली.

पुढे पाहुण्यांची कुरकुर इतकी वाढली की जहाजाने पितळी पाटी काढून टाकली. आता तिथे म्हणे लोक पोहून आल्या अंगानेच जेवायला बसतात. मला त्याचे ना सुख, ना दुःख. पाटी होती तेव्हा जी माणसे आत बसत, तीच आताही बसतात. आम्हाला गाठोड्यात बांधून विकले आणि मी तुमच्या पेटीत आलो.

तर मुलांनो, माझी बटणे ढिली झाली आहेत, ती जरूर पक्की करा. अस्तर उसवले आहे, ते शिवा. मला वर्षातून दोनदा ऊन दाखवा आणि पेटीत कडुलिंबाचा पाला ठेवा. कपडा जपावा, त्याला जपणाऱ्या हातांना अधिक जपावे. पण उद्या लिंबू आणू नका. बाईंना सांगा की हा डाग राहू द्यायचा आहे. हजारो डाग काढलेल्या माणसाने हा एकच मुद्दाम सोडला आहे. त्या संध्याकाळी त्यांचे जेवण गरम असतानाच संपले.