पायरीवरून दिसणारी खिडकी

"दिसते का रे?"

"काय?"

"माझी खिडकी. तिथून नको. इथं, चर्चच्या पायरीवर उभा राहून बघ."

पेरिसॉल खाटकाने ॲप्रनला हात पुसले आणि पायरी चढून समोर पाहिलं. चौकापलीकडच्या घराच्या वरच्या मजल्यावर बारमाही वेलीचं नुसतं रान माजलं होतं. "वेल दिसते. खिडकी असलीच तर आत गुदमरून मेली असेल. आणि मार्सियाल, कालपासून हेच चाललंय तुझं. बायको सोडून चर्चमध्ये राहायला आलास की काय?"

मार्सियालला हसू आलं नाही. जन्मभर डेअरीची दुधाची गाडी चालवलेला हा माणूस एरवीही एका जागी बसत नसे. आज तर पायाला भिंगरीच होती. जुन्या चर्चपायी सगळं मोंतेर्वी गाव नियमांत बांधलेलं. चर्चमधून जे घर दिसतं, त्याचं कौल, दार, रंग, काहीही वारसा खात्याला विचारल्याशिवाय बदलायचं नाही. दगड जपायचे आणि माणसं गारठवायची, असं तो कॅफेत तावातावाने सांगे. त्याच्या खिडकीची लाकडं कुजली होती, फटींतून वारा शिरत होता आणि खिडकीला लागूनच सोलांजचा पलंग होता. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियातून ती कशीबशी वाचली. असा आणखी एक हिवाळा तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुहेरी काचेची प्लास्टिकची खिडकी मार्सियालच्या ऐपतीत होती, पण तिला परवानगी मिळेना. पलंग मागच्या खोलीत हलवू म्हटलं, तर सोलांज म्हणाली, "मग सरळ शवपेटीतच हलव."

कंबर मोडल्यापासून तिला जिना उतरता येत नव्हता. समोरचं चर्चचं दार हेच तिचं गाव झालं होतं.

तेव्हा मार्सियालने शक्कल लढवली. खिडकी चर्चमधून दिसतच नाही, असा नवा अर्ज ठोकला आणि उन्हाळाभर वेलीला पाणी घालून, सुतळीने बांधून ती खिडकीवर चढवली. सोलांजला समोरचं दार दिसेनासं झालं. "वसंतापर्यंत कळ काढ, नवी खिडकी बसली की वेल छाटू," असं तो तिला म्हणे. आज खात्याच्या मादाम लव्हेर्न पाहणीला यायच्या होत्या.

आणि नेमकी आजच उगेतची अंत्ययात्रा. हातमोज्यांच्या कारखान्यात उगेत कातडं कापायची, सोलांज शिवायची. उभं आयुष्य दोघी एका बाकावर बसल्या.

"मी जातोय ना दोघांच्या वतीने," निघताना तो म्हणाला होता.

"तू जाशील रे," सोलांज म्हणाली, "पण ती मला शोधेल."

त्याला ते ऐकायलाही वेळ नव्हता.

प्रार्थना चालू असताना मार्सियाल दोनदा बाहेर डोकावून आला. पाद्री काय बोलला ते त्याच्या कानांत शिरलंच नाही. शेवटी पेटी उचलली गेली आणि तो गर्दीबरोबर दाराबाहेर आला. पायरीच्या कडेला निळ्या कोटातली एक बाई अदबीने बाजूला सरून उभी होती. तिच्या गळ्यात वारसा खात्याचं ओळखपत्र होतं.

पुढची माणसं थबकली. पेरिसॉल वर बघत होता. एकेक करून सगळे वर बघू लागले.

वेल फुटपाथवर पडली होती. उघड्या खिडकीत सोलांज बसली होती, मांडीवर कारखान्यातली मोठी कात्री, एका हातात चढवलेला जुना पांढरा चामडी हातमोजा. पेटी पायऱ्या उतरू लागली तसा तिने तो हात वर केला आणि पेटी गाडीत जाईपर्यंत खाली घेतला नाही. उगेतच्या मुलीने खालून हात हलवला आणि तिला रडू फुटलं.

मार्सियालला क्षणभर सोलांजचा संताप आला. उन्हाळाभराची मेहनत! आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला बाईने!

"त्या कोण?" मादाम लव्हेर्नने हळूच विचारलं.

ओळखत नाही म्हणावं, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात सोलांजची नजर त्याच्यावर पडली. तिचा हात अजून वरच होता. त्यानेही आपला हात वर केला.

"माझी बायको," तो म्हणाला.

"म्हणजे ही खिडकी..."

"हीच."

बाईने पुन्हा एकदा वर पाहिलं. "सकाळी आले तेव्हा मला वेलच दिसली होती, मस्यू. प्रार्थना संपेपर्यंत थांबावं म्हटलं. तेव्हाच लिहून निघून गेले असते तर बरं झालं असतं. आता दिसली नाही असं कसं लिहू?"

"नका लिहू," मार्सियाल म्हणाला. "दिसते की."

संध्याकाळी तो खिडकीच्या फटींत जुन्या लोकरीच्या पट्ट्या कोंबत होता. आज वारा भलताच बोचरा होता. सोलांज शाल गुंडाळून बसली होती. कोण आलं, कोण नाही आलं, कुणाची टोपी कशी होती, सगळं ती त्याला सांगत होती. तो स्वतः तिथे होता, तरी त्यातलं त्याने काहीच पाहिलं नव्हतं.

"रागावलास?"

"हो," तो म्हणाला. "नीट बस. दार पूर्ण दिसतं का इथून?"

"डावीकडचं नाही दिसत. तिथवर माझा हात पोचला नाही."

मार्सियालने तिच्या मांडीवरची कात्री घेतली, खिडकी उघडली आणि बाहेर वाकून ती उरलेली फांदीही कापून टाकली.