केळ्याएवढं पोट आणि एक पिवळी किटली

मी एक जुनी किटली आहे, मित्रांनो. जर्मलच्या पातळ पत्र्याची, पिवळा रंग उडालेली, अंगभर पोचे. बसा जवळ, पण मला टेकू नका. कडी एका बाजूने सुटत आलीय.

कारखान्यातल्या यंत्राने मला एका धपाट्यात जन्माला घातलं. तेव्हा मी इतकी चकचकीत होते की चंद्राने माझ्यात बघून भांग पाडला होता. माझी झाकणी साक्षीला आहे. झाकणी खोटं बोलत नाही, जरा फुगवून सांगते एवढंच.

तिथून मी आले जॉन्जू शहरात, माक्कोलीच्या गल्लीत, बुनी मावशीच्या दुकानात. माक्कोली म्हणजे तांदळाची दारू. दुधासारखी पांढरी, जिभेवर फसफसणारी. गिऱ्हाईकं तिच्या तारेत गाणी म्हणायची आणि जेवायच्या काड्यांनी माझ्या पोटावर ताल धरायची. हे पोचे त्या गाण्यांचे आहेत. एकदा शेजारचा कोंबडा माझ्या नळीला चोच लावून प्यायला आणि भर दुपारी असा आरवला, की अख्खी गल्ली दात घासून पुन्हा न्याहारीला बसली. तेव्हा माझं केवढं कौतुक होतं. "मावशी, त्या पिवळीतूनच ओत, दुसरीला चव नाही," म्हणायचे लोक.

आता दमले मी. ओतून ओतून नळीसुद्धा दुखते.

आमच्या गल्लीची रीत अशी, की गिऱ्हाईकाने आणखी एक भरली किटली मागवली की तिच्याबरोबर खाण्याची नवी ताटली येते. मासा, डाळीचं धिरडं, डुकराचे पाय, काय काय. गिऱ्हाईक उठलं की उरलेलं सगळं मावशीच्या मान्सूच्या पोटात. एकुलता एक मुलगा. "खा रे, टाकायचं नसतं," म्हणत मावशी वाढायची. वाढणं आणि ओतणं, तिला माया करायच्या दोनच तऱ्हा ठाऊक. मान्सूचा बाप माझ्यातूनच पीत पीत वारला. तो वाडगा पुढे करायचा, ती ओतायची.

मान्सू मोठा झाला, बस चालवायला लागला, आणि इतका फुगला की बस त्याच्या बाजूला कलून चालायची. हसू नका. झोपेत त्याचा श्वास अडकायचा. "असंच चाललं तर एक दिवस उठणार नाहीस," डॉक्टरांनी सांगितलं. मग ऑपरेशन झालं. पोट कापून केळ्याएवढं ठेवलं. घरी आला तो चमच्या-चमच्याने पेज पीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, दारू नाही, फसफसणारं काही नाही.

मावशीने अक्षरन् अक्षर पाळलं. घरातली बिअर शेजाऱ्यांना दिली, कोला मोरीत ओतला. पोरगा वाळायला लागला तशी ती देवापुढे रोज हात जोडायची. तिला आता एवढंच हवं होतं, की हा बापाच्या वाटेने जाऊ नये.

ऑपरेशनला दोन महिने झाले आणि बापाचं वर्षश्राद्ध आलं. सकाळीच मावशी, मान्सू आणि बापाचे जुने दोस्त प्यो आजोबा टेकडीवरच्या थडग्याकडे निघाले. मला नेलं, भरून. चटई अंथरली, फळं मांडली, सगळ्यांनी माथा टेकला. मावशीने थडग्यावर तीनदा माक्कोली शिंपडली, उरलेली वाडग्यात ओतली आणि दोन्ही हातांनी मान्सूपुढे धरली.

"बापाचा प्रसाद आहे. घे."

"आई, डॉक्टरांनी दारू बंद केलीय."

"ही दारू कुठंय? तांदूळ आहे हा. तो पेज पी म्हणाला ना तुला? मग ही काय वेगळी?"

"पी रे," प्यो आजोबा म्हणाले. "माझ्या आजीने माझं दूध सोडवलं ते हिच्यावर. बघ, दात सोडले तर सगळा शाबूत आहे."

"तुमचं पोट अख्खं आहे, आजोबा."

"आणि तुझं काय रे, कोंबडीचं आहे? एक वाडगा मावत नाही?"

आमच्यात मोठ्यांनी ओतलेलं कोणी खाली ठेवत नाही. त्यात आईच्या हातचं, त्यात बापाचं. मान्सूने वाडगा दोन्ही हातांनी घेतला, रीतीप्रमाणे तोंड बाजूला वळवलं आणि संपवला.

पूर्वी मला अख्खी रिकामी करून तो दोरीवरून चालल्यासारखा सरळ चालायचा. आता प्यो आजोबांचं एक चेस्टनट सोलून होतंय तोवर त्याचा चेहरा टोमॅटो झाला, जीभ जड झाली. मग त्याने छातीखाली हात दाबला.

"आई, इथं अडकलंय काहीतरी."

पोटात अडकलं की आमच्याकडे औषध एकच, गोड सोडा. मावशीच्या पिशवीत थडग्यापुढे मांडायला आणलेला सोड्याचा डबा होताच. तिने तो फोडून त्याच्या हातात दिला. "दोन घोट घे. एक ढेकर आला की मोकळा होशील."

ढेकर आलाच नाही. केळ्याएवढ्या पोटात तो वारा मावणार कुठे? मान्सू गुडघ्यावर बसला, पांढरा पडला आणि आडवा झाला. मावशी त्याचे गाल चोळत राहिली, "मान्सू, डोळे उघड, बाळा," म्हणत. मी तिच्या पायाने कलंडले, घरंगळत खाली गेले. हा मोठा पोचा तेव्हाचा.

त्याला चटईवर घालून दोघा म्हाताऱ्यांनी ओढत उतारावरून खाली आणला. "दोन महिन्यांपूर्वीच्या वजनाचा असता ना," प्यो आजोबा धापा टाकत म्हणाले, "तर वरच पुरायला लागला असता." मग स्वतःच रडायला लागले.

दवाखान्यात मावशी मला छातीशी धरून बसली होती. रस्त्यावरून मला कधी उचललं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"काय दिलंत त्यांना?"

"काही नाही हो. दारूचा थेंब दिला नाही. माक्कोली दिली."

"मावशी, माक्कोली दारूच आहे."

"तांदूळ आहे तो."

"तांदळाचीच दारू. आणि वर फसफसते. त्यावर सोडा. त्यांच्या पोटात आता दारू थांबत नाही, सरळ रक्तात जाते. एक वाडगा चार वाडग्यांसारखा चढतो. आणि सोड्याचा वारा त्या छोट्या पोटाला आतून ताणतो. टाके टिकले, नशीब समजा."

मावशी माझी कडी घट्ट धरून बसली, इतकी की ती तेव्हाच निखळायला लागली.

मान्सूने डोळे उघडले तेव्हा ती त्याच्या पायाशी होती. "तुला नाही म्हणता आलं नाही का रे?" तिने विचारलं.

"तू ओतलंस की मला नाही म्हणता येत नाही," तो हळू म्हणाला. "बाबांनाही आलं नाही. तूच ओतू नकोस, आई."

घरी आल्यावर तिने मला राखेने घासलं, पाण्यात उकळलं, पुन्हा घासलं. मला वाटलं, भंगारात जाणार. नाही. माझ्यात भाजलेल्या जवाचं पाणी आलं, कोमट, मुकं, न फसफसणारं. दुकान चालूच आहे. गिऱ्हाईकांना दुसऱ्या किटल्या. कोणी लाडाने मान्सूपुढे वाडगा सरकवला, की मावशी तो उचलून परत त्या देणाऱ्याच्याच पुढ्यात ठेवते. "याच्या वाट्याचं मी ओतून टाकलंय," म्हणते.

पुढच्या वर्षश्राद्धाला मला पुन्हा टेकडीवर नेलं. मावशीने थडग्यावर जवाचं पाणी शिंपडलं, तीनदा.

प्यो आजोबा थक्क झाले. "अगं, हे काय? तो रागाने उठून बसेल."

"बसू दे," मावशी म्हणाली. "उठला तर बरंच होईल." आणि उरलेलं तिने मान्सूला दिलं. तो बाजूला तोंड वळवून, घोट-घोट करत, खूप वेळ पीत बसला. आम्ही थांबलो.

तर मित्रांनो, तुमच्या घरी कोणी दुखण्यातून उठलेलं असेल आणि ते नको म्हणालं, तर दुसऱ्यांदा विचारू नका. आपल्या हातचं त्याला चालेल, असं समजू नका. आणि जाताना मला उन्हात पालथी ठेवून जा. आतून ओली राहिले की हाडं दुखतात. किटलीला हाडं नसतात म्हणता? नसतील. दुखतात मात्र.