नळी आखूड करा

आक्का एसटीतून उतरली तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. तिचा पोरगा अमरसिंह चारला दुकानात येणार होता. त्याआधी तिला त्याच्या रिव्हॉल्व्हरची नळी कापून घ्यायची होती.

शमशुद्दीनभाईंचं बंदूक दुरुस्तीचं दुकान चौकामागच्या बोळात. बापाच्या वेळचा सरकारी परवाना भिंतीवर काचेत लावलेला. भाई कपाळावर भिंग सरकवून कानस घासत बसले होते.

"कोडोलीच्या अमरसिंहाचं झालं व्हय?" आक्कानं उभ्या उभ्याच विचारलं.

"तुम्ही कोण त्याच्या?"

"आई."

"झालंय की. पण त्याचं त्यालाच द्यायचं, तसा कायदाच हाय."

"मला न्यायचं न्हाय. नळी तेवढी कापा. बोटभर ठेवा."

भाई हसले. "आक्का, ऊस हाय का त्यो, शेंडा तोडायला?"

आक्का हसली नाही. पदरानं तोंड पुसून बाकावर टेकली. तिचं माहेर आजऱ्याकडचं. लहानपणी पोरं बांबूच्या नळीत बी घालून दट्ट्या मारायची. लांब नळीतलं बी कुंपणापार जायचं, आखूड नळीतलं पायाशी पडायचं. सासऱ्याच्या लांब बंदुकीनं रानडुक्कर आडवं झालेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. चार दिवस, चार रात्री तिनं हाच हिशेब मनात घोळवला होता. देवाला नव्हे, या नळीला तिनं हात जोडले होते.

"नळी आखूड झाली की गोळीचा जोर मरतोय. खरं का न्हाय?"

"खरं हाय," भाई म्हणाले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते बघून त्यांना पुढचं बोलणं जड गेलं. "पर मरत न्हाय, कमी हुतोय. दारू पेटली की धक्का बसतोय त्यो सुरुवातीलाच. नळी लांब असंल तर धूर मागनं जरा जास्त वेळ ढकलतोय, एवढंच. हिची गोळी आता सेकंदाला दोनशे मीटर जात असंल, तर कापल्यावर एकशे ऐंशी, फार तर एकशे साठ."

"म्हंजे कमीच की!"

"उसाची भरलेली ट्रॉली उतारावरनं सुटली समजा. उतार वीस हात असला काय न् दहा हात असला काय, खाली उभा असणारा वाचतोय व्हय?"

आक्कानं एक बोट वर धरून त्याच्या अर्ध्यावर अंगठा टेकवला. मग म्हणाली, "अर्धं बोट ठेवा."

"तरीबी."

"सगळीच काढा."

"ते त्याला हातात घेतल्या घेतल्या दिसंल. दुसऱ्या दुकानात जाईल. आणि मी तुरुंगात." भाईंनी कानस खाली ठेवली. "आक्का, कुणाला वाचवाय आलाय?"

तेव्हा तिचा बांध फुटला. गेल्या शुक्रवारी अमरसिंहानं जेवणाच्या ताटावरनं उठून स्वप्नालीच्या, त्याच्या बायकोच्या, कपाळाला नळी लावली होती. कुणाशी फोनवर बोलतीस म्हणून. चाप ओढला. गोळ्यांचं चक्र अडकलं, फिरलंच नाही. गोळी आतच राहिली. त्यानं शिवी हासडली, हत्यार बघितलं आणि म्हणाला, नीट करून आणतो, मग बघतो. स्वप्नालीला माहेरी धाडावी, तर तिथं येऊन तिला आणि तिच्या आईला, दोघींना गोळ्या घालीन म्हणाला.

भाईंचा हात कपाळाकडे गेला. "मला म्हणाला, धूळ गेलीया. काल मीच तेल घालून मोकळं केलं, आक्का. ह्या हातांनी."

"मग परत अडकवा!"

"आज अडकवीन. त्यो उद्या सांगलीला जाईल, परवा मोकळं हुईल." त्यांनी घड्याळ बघितलं. तीन चाळीस. ते उठले, दुकानाचं दार आतून लोटून घेतलं आणि पोलीस ठाण्याला फोन लावला. बराच वेळ बोलले. मग फोन छातीशी धरून म्हणाले, "हत्यार देऊ नका म्हणत्यात, गाडी पाठवत्यात. पर तक्रार कुणाची ते सांगा म्हणत्यात. माझ्या बोलण्यावर आज थांबवतील. लायसन काढून घ्यायला घरचं माणूस लागतंय."

"पोराला आत घालतील?"

"घालतील."

"गाव काय म्हणंल?"

भाईंनी फोन तिच्याकडे धरला. आक्कानं तो घेतला नाही. तिनं ह्याच पोराला गोवरात अकरा दिवस मांडीवरनं खाली ठेवलं नव्हतं. कापायला आली होती ती लोखंड. दुसरं काही कापावं लागेल असं तिला वाटलंच नव्हतं.

बोळात बुलेटचा आवाज आला. दारासमोर थांबला. अमरसिंहानं दार ढकललं, आत पाऊल टाकलं आणि आईला बघून जागीच थबकला.

"आई? तू दवाखान्यात गेलतीस न्हवं? हितं काय करतीयास?"

आक्कानं भाईंच्या हातातून फोन घेतला. पलीकडून कुणीतरी विचारत होतं, कोण बोलतंय, मोठ्यानं बोला.

"मी आक्का बोलतीया, कोडोलीची," ती म्हणाली. नजर पोरावरून हलली नाही. "लिवून घ्या. नाव अमरसिंह. सुनंला मारणार हाय. व्हय, माझाच ल्योक. दारात उभा हाय, लौकर या."