पिठ्या ढेकणांची लाखवात

आई गेल्याच्या चौदाव्या दिवशी तिच्या कुंड्यांतल्या पिठ्या ढेकणांनी वाती वळायला घेतल्या. हेमांगीला हे सकाळी चहाच्या वेळी दिसलं. मिरजेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आईनं बावीस सक्युलंट जोपासली होती. जाड, गुबगुबीत पानांची, आठवड्याला पेलाभर पाण्यावर खूश असणारी झाडं. त्यांतल्या जेड नावाच्या झाडाच्या बेचक्यांत तांदळाच्या कणीएवढे पांढरे किडे बसले होते. अंगावरचा कापसासारखा थर ते पुढच्या पायांनी ओढून काढत होते आणि पानावर घासून वळत होते. कुंडीच्या काठावर अकरा वाती ओळीनं मांडलेल्या होत्या.

"एवढंच राहिलं होतं," हेमांगी म्हणाली. तिला अजून गॅस कनेक्शनच्या नावाचा घोळ निस्तरायचा होता.

शकूमावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, दिवसकार्याला आली होती ती राहिलीच होती. चष्मा लावून तिनं कुंडी पाहिली. "एकसारख्या आहेत गं. अगदी ताईच्या हातच्या."

"मावशी, कीड आहे ती."

"असू दे की. ताईनं लाख वातींचा नेम धरला होता, शहाण्णव हजारांवर राहिला. घरातल्या कुणीतरी पुरा करायचा असतो. तुला तीनदा म्हटलं, तू तीनदा कपाळाला आठ्या घातल्यास. आता बघत बस."

"आणि पुरा झाला की?"

"उद्यापन. सगळ्या पेटवायच्या. ताई सुटली."

"सुटली म्हणजे? कुठं जायची घाई लागलीय तिला?"

मावशीनं अकरा वाती ओच्यात घेतल्या आणि मोजत आत गेली.

हेमांगीला वातींशी घेणंदेणं नव्हतं. पण एका वातीमागे एक पान सुकत होतं. कमळासारख्या राखी झाडाच्या पानांवर पिठूळ थर असतो, एकदा पुसला गेला की त्या पानावर पुन्हा येत नाही. त्यातल्या एका पानावर आईच्या अंगठ्याचा ठसा होता, रेषेन् रेष दिसणारा. ते पान वाचवायचं होतं, बाकी काही नाही. तिनं ते झाड उचलून न्हाणीघरात एकटं ठेवलं आणि नर्सरी गाठली.

"पाणी जास्त झालंय," बागवानचाचा म्हणाले.

"भेटायला आलेला प्रत्येकजण रडून झालं की पेलाभर घालून गेला, चाचा. आईची झाडं म्हणून."

"असंच होतं. मयताच्या घरची झाडं बुडूनच मरतात. कोवळेपणा आला की कीड आलीच. स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवा आणि एकेक पुसा. कंटाळायचं नाही, बेटी."

"ते वाती वळतायत."

"वळणारच. रिकामे थोडेच बसतील?"

तिनं स्पिरिटची बाटली आणि कापसाचा मोठा गठ्ठा आणला. पहिलं पान पुसलं. किडा बोळ्याला चिकटला, आणि चिकटल्या जागी बोळाच वळायला लागला. तोवर ते अंगावरच्या लवेवर भागवत होते, आता हेमांगीनं स्वतःच्या हातानं त्यांना कापूस आणून दिला होता. दुपारपर्यंत चारशे वाती झाल्या. गठ्ठ्याचा नुसता निळा कागद उरला.

"कापूस चांगला आणलास," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हेमांगीनं कडुनिंबाचं तेल फवारलं. वातींनी ते पिऊन टाकलं. "आयत्याच भिजल्या," मावशी म्हणाली. साबणाच्या पाण्यानं वाती धुऊन निघाल्या. तिसऱ्या दिवशी उशा रिकाम्या झाल्या, मग गोधड्या, मग आईची कपाटातली सुती लुगडी, घडी न मोडता, आतून. मावशी शंभर-शंभराच्या जुड्या बांधून भिंतीला लावत होती. आईच्या डब्यांतल्या जुन्या जुड्याही तिनं बाहेर काढल्या. हॉल चारी बाजूंनी आत आला. स्वयंपाकघरात जायला अंग तिरकं करावं लागे, पाचव्या दिवशी पोट आत ओढून.

"मावशी, मला श्वास घेता येत नाहीये."

"हळू घे. जुड्या पडतील."

सातव्या दिवशी बाल्कनीत एकवीस कुंड्यांत एकवीस काड्या उभ्या होत्या. हेमांगी न्हाणीघरात शिरली आणि तिनं आतून कडी लावली. ढेकूण मोरीच्या जाळीतून आले, घाई न करता. ती बोटांनी चिरडत राहिली. बोटं गुलाबी झाली, चिकट झाली, दुखायला लागली. त्यांनी बाहेरची पानं संपवली, मग मधली. ठशाचं पान तिनं ओंजळीत झाकलं. ओंजळ उघडली तेव्हा पान कागदासारखं झालं होतं. अंगठ्याच्या रेषा उलगडून त्यांनी त्यांचीच एक लांब, बारीक वात केली होती.

"झालं एकदाचं!" ती ओरडली. "घ्या! आता तरी संपलं ना?"

दाराबाहेरून मावशीचा आवाज आला. "नव्याण्णव हजार नऊशे अठ्ठ्याण्णव माझ्याकडे. तुझ्या हातातली धरून नव्याण्णव. एक कमी आहे."

"घरात कापूस नाही. झाड नाही. काही नाही."

"बघ नीट."

हेमांगी उलट्या बादलीवर बसली. आईसाठी ती अजून रडली नव्हती, तेवढा वेळच मिळाला नव्हता. तिनं कडी काढली. मावशी समोर उभी होती. तिच्या हातात तुपानं भरलेलं निरांजन होतं. मागे हॉल राहिलाच नव्हता, पांढरं होतं सगळं. तेवढ्यात हेमांगीला कानाच्या वर गुदगुल्या झाल्या. तिच्या डोक्यात एकच पांढरा केस होता, आई गेली त्या आठवड्यात आलेला. त्यावर ढेकूण चढले होते, आणि तळव्यावर तळवा फिरवावा तसा केस आस्ते आस्ते वळला जात होता.

तिचा हात मोरीशेजारी ठेवलेल्या स्पिरिटच्या बाटलीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"सावकाश," ती त्यांना म्हणाली. "घाई नाहीये."

ते थांबले नाहीत. वात पुरी झाली आणि तिच्या गालावर येऊन लोंबली. दुसरं टोक अजून डोक्यात रुतलेलं होतं, जिवंत, किंचित ठणकणारं.

मावशीनं वातीचं टोक चिमटीत धरून तुपात बुडवलं आणि काडी ओढली.

"तोडू," तिनं विचारलं, "की अशीच लावू?"