मदरहूडची कोरी जागा

हूडवालीचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. पेन उचलावं, टोपण काढावं, टोपण लावावं, पेन ठेवावं. खिडकीशी जावं, खालचा रस्ता बघावा, परत खुर्चीत येऊन बसावं. समोर छपाईला जाणारं पान पडलं होतं, आणि त्या पानात एक जागा कोरी होती. दात पडलेल्या पोरानं हसावं तसं ते पान तिच्याकडे बघून हसत होतं.

शब्दकोशाच्या त्या कचेरीत कुणाला नावानं हाक मारायची पद्धतच उरली नव्हती. इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहायचं काम, आणि संपादकबाईंनी ते वाटून दिलं होतं शब्दांच्या शेपटीवरून. एका शेपटीचे शब्द एका घरच्या बहिणी, त्यांची लग्नं वेगवेगळ्या माणसांनी ठरवायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ज्यांच्या वाट्याला ‘इझम’ आलं ते इझमवाले काका दिवसभर कुणाशी ना कुणाशी वाद घालत. आयटिसवालीला ज्याच्या त्याच्या अंगावर सूज दिसे. आणि फोबियावाला चार मजले जिन्यानं चढून यायचा. लिफ्टच्या भीतीला काय म्हणतात ते कळलं तेव्हापासून, त्याआधी नाही.

तिच्या वाट्याला आलं ‘हूड’. चाइल्डहूड, बॉयहूड, ब्रदरहूड. म्हणजे आपलं ‘पण’. बालपण, पोरपण, भाऊपण. वरवर सोपे शब्द, पण नावाप्रमाणेच हूड. हातात आलेसे वाटत आणि बोटांतून निसटत.

संपादकबाईंचे दोन नियम होते. पहिला, अर्थ एका ओळीत आणि एकच. ‘किंवा’ त्यांना मुळीच खपत नसे. किंवा म्हणजे काम टाळणं, त्या म्हणत; ज्याला नेमकं सापडत नाही तो किंवा लिहितो. गेली कित्येक वर्षं त्या लाल पेनानं किंवा खोडत आल्या होत्या, आणि आता कचेरीतल्या कुणाच्या तोंडी बाजारातसुद्धा तो शब्द येत नसे.

दुसरा नियम कानाचा. प्रत्येकानं कचेरीबाहेरचा एक कान धरायचा. मूळ शब्द न सांगता त्याला फक्त अर्थ वाचून दाखवायचा. ऐकून त्या माणसानं आपल्या आयुष्यातली तशी एखादी गोष्ट सांगितली, तर अर्थ पास. नुसती मान हलवली, तर नापास.

हूडवालीचा कान घरातच होता. नवऱ्याची मुलगी.

नवरा चष्मेवाला. चौकातल्या दुकानात काचा घासायचा. त्याची पहिली बायको आजारात गेली, आणि दोन वर्षांनी ही त्या घरात आली तेव्हा पोर होती नऊ वर्षांची. बाप तिला ठिणगी म्हणे. ठिणगी नव्या आईला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. ‘ऐका ना,’ एवढंच म्हणे. भांडण नाही, तंटा नाही, पण दोघींच्या मध्ये सदा एक रिकामी खुर्ची ठेवल्यासारखं. हूडवालीही तोंडात मूग धरून वावरायची. आपण उपऱ्या, आपण कशाला हक्क सांगा.

मग हे शब्द आले आणि त्या खुर्चीवर येऊन बसले. संध्याकाळी ओट्याशी उभं राहून ही अर्थ वाचायची, आणि पोरगी भांडी पुसता पुसता ऐकायची. ‘ज्या कामावर माणसाचं पोट चालतं ते,’ हिनं वाचलं, तेव्हा ठिणगी म्हणाली होती, “बाबांचं काचा घासायचं मशीन. ते बंद पडलं की घरात सगळे हळू बोलतात.” लाइवलीहूड पास. पास झाला की ही मूळ शब्द सांगून टाकायची. त्याच्या आधी, ‘जे खरं नाही ते खरं म्हणून सांगितलेलं,’ यावर पोरीनं ताटली खाली ठेवली नि म्हणाली, “मला काही वाटत नाही, असं तुम्ही म्हणता ना, ते.” फॉल्सहूडही पास झालं. हूडवालीनं त्या रात्री आमटीत मीठ दोनदा घातलं.

आणि अगदी शेवटचा, विडोहूड. ‘जोडीदार गेल्यावर मागं राहण्याची अवस्था.’ पोरीनं फडकं पिळलं, परत पिळलं. मग म्हणाली, “बाबा चहाला दोन कप काढायचे. आणि एक परत ठेवायचे.”

सगळे शब्द झाले. एक राहिला, कारण तो तिनं ठेवला होता.

मदरहूड.

आता तीच जागा कोरी होती, आणि ‘एम’ची पानं संध्याकाळी छापखान्यात जायची होती. तिनं कागदावर लिहून पाहिलं नव्हतं असं नाही. ‘मूल जन्माला घातल्यानं बाईला येणारं नातं.’ झालं, स्वतःच्या हातानं स्वतःला दाराबाहेर काढलं. खोडलं. ‘मूल वाढवल्यानं बाईला येणारं नातं.’ मग बैठकीच्या भिंतीवरच्या तसबिरीतली ती बाई तिच्याकडे बघायला लागली. शांतपणे, बिनतक्रार. जिनं नऊ महिने वाहिलं, सात वर्षं न्हाऊ-माखू घातलं, तिच्या पदराला बांधलेलं आपण सोडून घ्यायचं? हेही खोडलं. अर्थ एकच लिहायचा होता, आणि एक लिहिला की दुसरी बाई मरत होती.

त्यात आजचा दिवस. ठिणगीची मावशी दुपारी यायची होती, तिला घेऊन जायला. पोरगी यंदा दहावी झाली होती. मावशीच्या शहरात चांगलं कॉलेज होतं, मावशी एकटी होती, मायाळू होती, आणि बोलता बोलता मान कलती करायची ती थेट तसबिरीसारखी. इथंही कॉलेज होतं. पोरीनं आठवडाभरापूर्वी विचारलं होतं, “ऐका ना, मी मावशीकडे जाऊ का राहायला?” आणि हिनं तव्यावरची नजर न काढता सांगितलं होतं, तुझी मर्जी, मला काही वाटत नाही.

वाटत नाही म्हणे. ती पोळी तव्यावरच करपली होती.

संपादकबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. काठीनं पानावरची कोरी जागा दाखवली. हूडवाली म्हणाली, कानाला विचारायचं राहिलंय. बाईंनी विचारलं, मग इतके दिवस काय कानात कापूस होता? फोबियावाला हसला नि आयटिसवालीनं त्याला कोपरानं ढोसलं. हूडवालीनं चष्मा काढला, पुसला, लावला. कान आज गावाला चाललाय, ती म्हणाली. बाईंनी काठी पानावरून उचलली. मग म्हणाल्या, छापखान्याचा माणूस सहाला येतो, त्याच्या आत ये. नाही आलीस तर मी मला सुचेल ते घालीन.

ती निघाली. लिफ्ट वर यायची वाटही तिला बघवेना, जिन्यानंच उतरली. रस्त्यावर उन्हाचा पिवळेपणा उतरणीला लागला होता. कुलपांच्या किल्ल्या करणारा आपल्या यंत्रावर ठिणग्या उडवत होता, आणि तो शब्द मनात येताच ती घाईनं पुढं निघाली. पाय पुढं, मन मागं. मन पुढं, पाय मागं. सिग्नलपाशी ती हिरव्यावर थांबली आणि लाल झाल्यावर चालायला लागली. एका सायकलवाल्यानं तिची अक्कल काढली. तिनं त्याला ‘हो हो’ म्हटलं.

घराचं दार उघडं होतं, आणि दारात बॅग. निळी, फुगलेली, आडवी पडलेली. घरात जायचं तर ती ओलांडूनच. ती ओलांडताना हूडवालीला वाटलं, एखाद्या झोपलेल्या माणसाला ओलांडतेय.

मावशी चहा पीत होती. नवरा दुकान सोडून आला होता आणि कुणी न सांगताच मावशीचा चष्मा पुसत होता. काही सुचलं नाही की तो समोरच्याचा चष्मा पुसायला घेई. मावशीनं उठून हिचा हात धरला. काळजी करू नका, पोरीला फुलासारखी ठेवीन, म्हणाली. हूडवाली म्हणाली, माहीत आहे. आणि ते खरंच माहीत होतं, हाच तर त्रास होता.

मग ती ठिणगीला म्हणाली, “एक अर्थ राहिलाय. ऐकतेस?”

“आत्ता?”

“सहाला पान जातंय.”

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. पोरीनं सवयीनं फडकं हातात घेतलं. पुसायला भांडं नव्हतं, म्हणून कोरडा ओटाच पुसायला लागली. हूडवालीनं कागद उघडला.  तिनं वाचलं, “मूल जन्माला घातल्यानं बाईला येणारं नातं.”

फडकं थांबलं. बाहेर चष्मेवाला मावशीला काचांचे नंबर समजावून सांगत होता. 

“नापास,” ठिणगी म्हणाली.

“का गं?”

“मधला एक गाळलात. मॅनहूड झालं आणि दुसऱ्या दिवशी नेबरहूड. तुम्हाला वाटतं मला एबीसीडी येत नाही? मी रोज वाट बघत होते. आज विचारतील, उद्या विचारतील. मग विडोहूड झालं, तेव्हा कळलं, विचारायचंच नाहीये. हा शब्द माझ्याजवळ काढायचा नाहीये.” तिनं फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली. “म्हणून मावशीला फोन केला.”

 जे पोरीला टोचेल म्हणून तिनं झाकून ठेवलं होतं, तेच पोरीच्या पायात मोडलं होतं.

“मला वाटलं तुला दुखेल,” ती म्हणाली.

“माझ्या तापात आठवतंय? तुम्ही दाराबाहेर उभ्या होतात. फटीतून पावलं दिसत होती. हातात पाण्याची वाटी असणार, कारण थेंब पडत होते. मी जागी होते. म्हटलं, आता येतील, आता येतील. तुम्ही आत आलातच नाही. बाबांना पाठवलंत.”

“मी हात लावलेला तुला आवडेल की नाही, कळेना.”

“मग विचारायचं ना. जगाचे अर्थ विचारता, हे नाही विचारत.”

 कोशातले सगळे शब्द कचेरीत राहिले होते. हूडवालीनं कागद चुरगाळला, आणि आठवडाभर जे दडवून ठेवलं होतं ते, मेले तरी बेहत्तर म्हणून बाहेर काढलं.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली. “मला वाटतं. खूप वाटतं. तू गेलीस तर मी काय करू, ते मला माहीत नाही.”

 ठिणगीनं हिच्या मुठीतला कागद सोडवून घेतला, ओट्यावर तळहातानं सपाट केला, खोडलेलं-लिहिलेलं सगळं वाचलं. एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

“हे दोन्ही बरोबर आहे,” ती म्हणाली. “मध्ये किंवा घाला की.”

“किंवा चालत नाही.”

“कुणाला?”

“बाईंना. अर्थ एकच लागतो.”

“मला दोन्ही आहेत,” ठिणगी म्हणाली. बैठकीतल्या भिंतीच्या दिशेनं तिनं मान हलवली आणि मग हिच्याकडे. सहज, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तशी. “एक काढून टाकून कसं चालेल?”

 किती साधं होतं. ती इतके दिवस दोन बायकांना एका पाटावर बसवायला बघत होती, एकीला ढकलत, मग स्वतःला ढकलत. आणि पोरीनं दुसरा पाट मांडला होता, तोही केव्हाच.

सहाला थोडाच वेळ उरला होता. ठिणगी चपला घालू लागली. मावशीनं विचारलं, कुठं गं? आलेच, ती म्हणाली, यांना पोहोचवून येते, सिग्नल चुकतात त्या. मावशीनं कप खाली ठेवला आणि चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, अजून एक कप घ्या.

 वाटेत पोरगी एक पाऊल पुढं चालत होती, आणि ती राहणार की जाणार, काहीच सांगत नव्हती. हूडवालीनं विचारायला दोनदा तोंड उघडलं. दोनदा मिटलं. सिग्नलपाशी ठिणगीनं तिचं मनगट धरलं आणि हिरवा झाल्यावर सोडायचं विसरली.

कचेरीत छापखान्याचा माणूस जिन्यात उभा राहून घड्याळ बघत होता. हूडवालीनं उभ्या उभ्या कोऱ्या जागेत लिहिलं, ‘मूल जन्माला घातल्यानं किंवा वाढवल्यानं बाईला येणारं नातं,’ आणि पान संपादकबाईंपुढं धरलं. बाईंचं लाल पेन सवयीनं खाली आलं आणि ‘किंवा’वर येऊन अधांतरी थांबलं. इझमवाले काकाही वाद विसरून बघत राहिले.

“कान काय म्हणाला?” बाईंनी विचारलं.

“मी म्हटलं, दोन्ही आहेत,” दारातून ठिणगी म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून तिला न्याहाळलं. पायांपासून डोक्यापर्यंत. मग पेनाला टोपण लावलं आणि छापखान्याच्या माणसाला पान देत त्याच्यावरच खेकसल्या, उभा काय राहिलास, ने की.

परतताना दिवे लागले होते. किल्लीवाला यंत्र झाकत होता. घरापाशी आल्या तेव्हा दार तसंच उघडं, आत मावशीचा आवाज, आणि दारात ती निळी बॅग तशीच आडवी.  ठिणगी टुणकन बॅग ओलांडून आत गेली. हूडवाली बाहेरच थांबली, पूर्वीसारखी, दाराच्या पलीकडे.

ठिणगी वळली. “ऐक ना,” ती म्हणाली, “तुला नीट येता येत नाहीये का?” आणि वाकून दोन्ही हातांनी तिनं ती बॅग ओढली. घराच्या आतल्या बाजूला, पार आपल्या खोलीच्या दारापर्यंत.