आधीच शिवून ठेवलेली पिशवी

धाकट्या बहिणीचं ऑपरेशन व्हायच्या आधीच मी तिच्यासाठी कापसाची पिशवी शिवून ठेवली होती. मी शिवणकाम करते, माप डोळ्यांनीच घेते. कॅन्सरमुळे माझा स्तन काढून बरीच वर्षं झाली. तेव्हापासून कपड्याच्या आत मी अशीच पिशवी घालते. आता हिलाही तोच रोग झाला, म्हणजे पिशवीही लागणार, हे मी धरूनच चालले होते.

म्हणून डॉक्टरबाई जेव्हा म्हणाल्या, "आतला भाग सगळा काढू, पण वरची त्वचा आणि स्तनाग्र राखू, आत इम्प्लांट बसवू," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"बोंड कशाला ठेवायचं? शोभेला? रोग तिथेच दबा धरून बसला तर?"

"गाठ लहान आहे, बोंडापासून लांब आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "अशा बायकांमध्ये ते राखलं काय, काढलं काय, रोग परत येण्याचं प्रमाण जवळपास सारखंच दिसतं. पक्की हमी दोन्हीकडे नाही. ऑपरेशन चालू असतानाच त्याच्या खालचा तुकडा तपासू. त्यात काही निघालं तर ठेवणार नाही."

"मला ठेवायचंय," धाकटी म्हणाली. "आणि निघालं तर खुशाल काढा."

जिवावर बेतलंय आणि हिला नखरे सुचतायत!

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरबाहेर बसून माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. शेवटी नर्स बाहेर आली. "खालचा तुकडा स्वच्छ आहे. राखलंय. पक्का रिपोर्ट नंतर येईल."

मला हायसं वाटलं. आणि लगेच तिचा हेवाही वाटला. कॅन्सर झालेल्या सख्ख्या बहिणीचा हेवा! माझी मलाच लाज वाटली.

पक्का रिपोर्टही चांगला आला. पट्टी निघाल्यावर धाकटीने मला खोलीत बोलावून दार लावलं. "बघ, ताई."

सूज होती, काळंनिळं झालं होतं, खालच्या बाजूला टाके होते. मध्ये खपली धरलेलं, पण तिचं स्वतःचं बोंड. मी हलकेच बोट लावलं.

"कळतंय?"

"काहीच नाही. पण आहे ना."

मी पर्समधली पिशवी काढून तिच्यापुढे ठेवली. "ही तुझ्यासाठी शिवली होती. आधीच."

"बाई गं, मापाला अगदी बरोबर!" ती खळखळून हसली, मग टाके दुखले म्हणून कळवळली. पिशवी हातात फिरवता फिरवता तिने विचारलं, "ताई, तुझ्या वेळी तुला कुणी विचारलं होतं, काय ठेवायचं ते?"

माझ्या वेळी डॉक्टर बाहेर नवऱ्याशी आणि सासऱ्यांशी बोलले होते. मला थेट टेबलावरच नेलं.

"नाही गं," मी म्हणाले. तेव्हा मी रडले नव्हते. आता मात्र रडू आवरेना, मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"तो खांदा नको, दुखतो," ती म्हणाली आणि तिने मला दुसऱ्या बाजूला ओढून घेतलं.